संध्याकाळ घराची

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे गावोगावी अशा माला उभ्या राहिल्या. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी गावाने एकत्र बसून एखाद्या प्रश्नाचा विचार करावा, ही कल्पना मला आजही मोलाची वाटते. माझा प्रश्न घरगुती आहे, पण तो मी मुद्दाम मे महिन्यात मांडते आहे. जूनच्या मध्याला शाळा उघडतील आणि त्याच्या आगेमागे घरोघरी क्लासचे फॉर्म भरले जातील. अबॅकस, कथ्थक, तबला, स्केटिंग, बुद्धिबळ, स्कॉलरशिपची तयारी, कोडिंग. एकदा वर्षाचे पैसे भरले की मग बोलून उपयोग नसतो. बोलायचं ते आत्ताच.

मी प्राथमिक शाळेत शिकवण्यात आयुष्य घालवलं. मुलांच्या आईवडिलांना मी दोष द्यायला आलेले नाही, हे आधीच सांगते. यातला एकही क्लास वाईट नाही. गाणं वाईट असेल का? पोहणं तर प्रत्येक मुलाला आलंच पाहिजे. अडचण अशी आहे की प्रत्येक गोष्ट आपल्या दारात एकटी येते, चांगलं कारण घेऊन येते आणि आठवड्याचा फक्त एक-दीड तास मागते. तिला नकार द्यायला त्या क्षणी आपल्याकडे काही कारणच नसतं. पाचवी गोष्टही अशीच एकटी येते. संध्याकाळी घरातली माणसं एका ठिकाणी असावीत, यासाठी मात्र कुणी फॉर्म छापत नाही, कुणी फोन करत नाही. म्हणून ती मागणी नोंदवलीच जात नाही.

आणि एक तास हा कधी एक तास नसतो. साडेपाचचा क्लास म्हणजे पाचला मुलाला खेळातून उठवायचं, कपडे बदलायला लावायचे, बूट शोधायचे, स्कूटर काढायची. तिथे सोडून परत यावं तर पुन्हा निघायची वेळ होते, म्हणून आई बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहते. धाकटं भावंड बरोबर असेल तर ते मोबाइल बघत बसतं. घरी येईपर्यंत सव्वासात. मग शाळेचा गृहपाठ, जेवण, आणि रोज रात्री झोपण्यावरून वाद. एका तासाच्या क्लासने घराचे सव्वादोन तास घेतलेले असतात, आणि ते एकट्या मुलाचे नव्हे, तिघांचे.

हे तास कुणाचे जातात, तेही नीट पाहिलं पाहिजे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणाचे आकडे आहेत. घरकाम करणाऱ्यांमध्ये बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. मुलांची आणि वडीलधाऱ्यांची देखभाल त्यात नाही, ती वेगळी मोजली आहे. १५ ते ५९ वयाच्या ज्या बायका ती करतात त्यांची रोजची १४० मिनिटं जातात, पुरुषांची ७४. मुलाला आणणं-सोडणं या देखभालीच्या खात्यात पडतं. एक जादा क्लास लावणं म्हणजे बहुतेक घरांत आईच्या वेळातून आणखी एक तुकडा कापणं असतं. तो निर्णय जेवणाच्या ताटावर दोन मिनिटांत होतो आणि निभावायचा असतो वर्षभर. माझ्या मते घरात नवा क्लास ठरवताना पहिला प्रश्न 'याला आवडेल का' हा नसावाच. 'सोडायला-आणायला कोण जाणार आणि त्या वेळी स्वयंपाक कोण करणार', हा असावा. या एका प्रश्नाने निम्मे फॉर्म गळून पडतील.

मुलांच्या अंगावरच्या भाराची चर्चा आपल्याकडे नवी नाही. कादंबरीकार आर. के. नारायण राज्यसभेचे नियुक्त सदस्य होते. आपल्या पहिल्या भाषणात त्यांनी बोलायला घेतला तो शाळकरी मुलांचा दिवस. सकाळी घाईगर्दीने शाळेत धाडण्यापासून संध्याकाळच्या शिकवणीपर्यंत तो दिवस कसा भरलेला असतो आणि त्यात खेळायला, स्वप्नं बघायला वेळ उरत नाही, हे त्यांनी कळवळून सांगितलं. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९९३ साली तिचा ओझ्याविना शिक्षणाविषयीचा अहवाल आला. २०२० च्या दप्तर धोरणाने दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंतच असावं असं सांगितलं आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नको म्हटलं. आपल्या राज्यातही २०२४ साली, लहान मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असा शासन निर्णय निघाला. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप हवी, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. पण नऊचा नियम करून शासनाने सकाळी जे दिलं, ते आपण रात्री परत घेतलं तर? मी वर्गात बघत होते ना. दप्तर हलकं करण्यावर आम्ही बैठका घेत होतो, आणि त्याच काळात मुलांच्या हातात दुसरी पिशवी आली, क्लासची. तिचं वजन कुणी केलं नाही, कारण ती आपण प्रेमाने दिलेली होती.

चौथीच्या वर्गाला मी अनेकदा 'माझी आवडती संध्याकाळ' असा विषय लिहायला द्यायचे. वाढदिवस, सहल, मॉल यांच्याबरोबर एक संध्याकाळ दरवर्षी कुठल्या ना कुठल्या वहीत सापडायची: पाऊस इतका पडला की क्लास रद्द झाला. एका मुलीने लिहिलं होतं की लाइट गेले, बाबा लवकर आले होते, सगळ्यांनी मेणबत्ती लावून झब्बू खेळला आणि आजी हरली तरी चिडली नाही. पुढच्या ओळीत तिने लिहिलं होतं, असे लाइट पुन्हा कधी गेले नाहीत. त्या मुलीला क्लास आवडत नव्हते असं नाही. ती छान नाचायची. पण घरातली सगळी माणसं एकाच वेळी मोकळी होण्यासाठी तिच्या अनुभवात वादळी पाऊस लागत होता. आपण मोठी माणसं ही गोष्ट वादळाशिवाय करू शकतो.

आता कला आणि खेळ यांच्याबद्दल. कुणी म्हणेल, बाई मुलांना कलांपासून तोडायला निघाल्या. उलट आहे. गाणं शिकायचं तर रियाज लागतो. आठवड्यातून एक तास क्लास हे गाणं नव्हे. तिथे बाईंनी जे दिलं ते घरी पाच दिवस घोटायचं, चुकायचं, पुन्हा घोटायचं, ते गाणं. तबल्याचा कायदा हातात बसायला घरी मोकळा वेळ आणि मोकळं डोकं लागतं. पाच क्लास लावलेल्या मुलाकडे पाचांपैकी एकाही गोष्टीचा सराव करायला वेळ नसतो. शनिवारी तो कोऱ्या हातांनी जातो, शिक्षक रागावतात, आणि दोन वर्षांत 'याला आवड नाही' म्हणून आपण क्लास बदलतो. आवड होती, तिला घरात जागा नव्हती. चार गोष्टी सोडून एकीला आठवड्याचे सगळे दिवस देणारं घर मला कलेचं खरं घर वाटतं.

यात गुणांचाही भाग आहे. चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला, शास्त्रीय नृत्य-गायन-वादनाला, खेळातल्या कामगिरीला दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात. कलेला शाळेत मान मिळावा हा त्यामागचा हेतू चांगला आहे. पण दुसरीतल्या मुलीच्या पालकांनी दहावीच्या त्या गुणांसाठी आत्तापासून परीक्षांच्या पायऱ्या आखलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या मुलीला कधीतरी नुसतंच चित्र काढू द्या. तिच्या मनातलं झाड, जांभळ्या रंगाचं, कुणीही न तपासलेलं.

अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ अ‍ॅनेट लारो यांनी २००३ साली एक पुस्तक लिहिलं. निरनिराळ्या परिस्थितीतल्या घरांत त्यांनी जवळून निरीक्षण केलं होतं. मध्यमवर्गीय घरांत मुलांची जाणीवपूर्वक मशागत चाललेली, दिवस कार्यक्रमांनी भरलेला, आईवडील दमलेले. कामगार आणि गरीब घरांत पैशांची ओढाताण फार, पण मुलांना मोकळा वेळ आणि चुलत-मावस भावंडांचा सहवास जास्त. मशागत झालेल्या मुलांना पुढे शाळेत आणि नोकरीत फायदा होतो, हेही लारो यांनी स्पष्ट लिहिलं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. आईवडिलांची भीती खोटी नसते. म्हणूनच एकट्या घराला नाही म्हणणं जड जातं. शेजारचा मुलगा तीन क्लासना जातो आणि आपला अंगणात चिंचोके खेळतो, हे बघून रात्री झोप न लागणारी आई मला समजते. आणि आपल्याच शहरात कामावर जाणाऱ्या आईमागे घर सांभाळणाऱ्या मुली आहेत, ज्यांना एकही क्लास नाही आणि खेळायला मैदानही नाही. त्यांच्यापुढे 'नाही म्हणा' हे सांगायला मी उभी नाही. त्यांना द्यायचं आहे. नाही म्हणायचं आहे ते आपण, ज्यांच्याकडे निवडायला आहे.

एकट्याला जड जातं म्हणाले, तर एकत्र केल्याची दोन उदाहरणं सांगते. पहिलं न्यू जर्सीतलं. न्यूयॉर्कजवळ रिजवुड नावाचं सुखवस्तू गाव आहे. तिथल्या मुलांचे दिवस असेच भरलेले. गावातल्या काही पालकांनी ठरवलं की एक संध्याकाळ सगळ्यांनी मिळून मोकळी ठेवायची. मार्च २००२ मध्ये त्यांनी ती पाळली. शाळांनी त्या दिवशी गृहपाठ दिला नाही, खेळांच्या संघांनी सराव ठेवला नाही, क्लास आणि सभा रद्द झाल्या. एका मोकळ्या संध्याकाळीसाठी समिती नेमून कित्येक महिने तयारी करावी लागली, याबद्दल तेव्हा वर्तमानपत्रांतून नवल व्यक्त झालं. मला त्यात नवल वाटत नाही. संघाचा सराव चालू असताना एकाच मुलाने घरी थांबायचं म्हटलं तर त्याची संघातली जागा जाते. सराव कुणाचाच नसेल तर कुणाचं काही जात नाही. प्रशिक्षक, शाळा, क्लासचालक एकत्र बसवल्याशिवाय ही गाठ सुटत नाही आणि त्याला महिने लागतातच.

न्यू जर्सीत आपली मराठी माणसंही खूप आहेत. तिथल्या घरांत शनिवारी सॉकर असतो आणि रविवारी मराठी शाळा. तिथल्या आईला मी मराठी शाळा सोड असं कधीच सांगणार नाही, कारण तिच्या मुलाला आजीशी बोलता येणं त्या तासावर अवलंबून आहे. एका घरात जे जादा, ते दुसऱ्या घरात गरजेचं असतं. यादी बाहेरून कुणी करून देऊ शकत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या सांगली जिल्ह्यातलं, मोहित्यांचे वडगाव. टाळेबंदीत अभ्यास मोबाइलवर गेला आणि मोबाइल मुलांच्या हातात राहून गेला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गावाने ठरवलं: संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल, दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशा सेविका, पंचायतीची माणसं घरोघर फिरली, समजावत राहिली. मुलं त्या वेळात अभ्यासाला बसू लागली, मोठी माणसं बोलू लागली. तिथे बंद झाला तो पडदा, क्लास नव्हे, हे मला माहीत आहे. पण त्यात घरातल्या आईला 'मोबाइल ठेव' म्हणून रोज भांडावं लागलं नाही. भोंगा सगळ्या गावाचा होता. नकाराचा सगळा वाईटपणा एका माणसाच्या वाट्याला येत नाही, हे त्यातलं मर्म आहे.

हा वाईटपणा आपल्या घरांत कुणाच्या वाट्याला येतो, ते क्लासपुरतं नाही. आपले रविवार बघा. बारसं, मुंज, साखरपुडा, केळवण, वास्तुशांत, सोसायटीचं हळदीकुंकू, भिशी, मुलांच्या वर्गातल्या प्रत्येकाचा वाढदिवस. आपण सरळ नाही म्हणत नाही. 'बघते', 'जमवते', 'थोडा वेळ तरी येऊन जाईन' म्हणतो, आणि मग तीन हॉलना थोडा थोडा वेळ जातो. सुनेने नाही म्हटलं तर ती माणूसघाणी ठरते. म्हणून माझी पुरुष श्रोत्यांना विनंती आहे: तुमच्या बाजूच्या नातेवाइकांना नकाराचा फोन तुम्ही स्वतः करा. 'काका, या रविवारी आम्ही घरीच आहोत, पुढच्या महिन्यात तुमच्याकडे येऊन बसतो,' इतकं साधं वाक्य. कारण जोडू नका. खोटं आजारपण सांगितलं की पुढच्या वेळी दुसरं शोधावं लागतं. आणि पुढच्या महिन्यात खरंच जा. पाचशे पानांच्या रिसेप्शनला रांगेत उभं राहून पाकीट देणं टाळता येतं. अंथरुणाला खिळलेल्या आत्याजवळ तासभर बसणं टाळू नये. माणसं तोडायची नाहीत. माणसांना पुरेसा वेळ देता यावा, म्हणूनच गर्दी कमी करायची आहे.

मुलं मोकळ्या वेळात करणार काय, हा पालकांचा ठरलेला प्रश्न. पहिले काही दिवस कंटाळा आला म्हणून तुमच्या मागे लागतील, मोबाइल मागतील. तेवढं सोसावं लागतं, आणि त्या जागी मोबाइल दिला तर क्लास सोडल्याचा काही उपयोग नाही. मग हळूहळू ती तुमच्या आसपास घुटमळू लागतात. तेव्हा त्यांना काम द्या. मटार सोलणं, कोथिंबीर निवडणं, ताटं-वाट्या मांडणं, कपड्यांच्या घड्या. गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक यांच्या बालशिक्षणात अशा हाताच्या कामांना मानाची जागा होती.

ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला जे केलं, ते मला या विषयात फार महत्त्वाचं वाटतं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नव्हती. घरी लहान भावंडं होती, रानात गुरं होती. या दोघींनी मुलांना घर सोडून यायला लावलं नाही. बालवाडी उचलून पाड्यावर, अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, कुरणशाळा. मूल काय करतंय, घराचा दिवस कसा चालतो, ते आधी पाहिलं आणि शिक्षण त्यात बसवलं. आपण नेमकं उलटं करतो आहोत. क्लासची वेळ आधी ठरते, मग घराचं जेवण, झोप, आजी-आजोबांचं फिरणं, आईची नोकरी त्याभोवती वाकवली जाते. मला हे फार दुखतं, कारण आपल्याच मातीतल्या बायकांनी दुसरी वाट घालून दिलेली आहे.

भारताने १९९२ साली संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता स्वीकारली. तिच्या ३१व्या कलमात विश्रांती, मोकळा वेळ आणि खेळ हे मुलाचे हक्क म्हणून लिहिले आहेत. या हक्काआड शासन क्वचितच येतं, शाळाही संध्याकाळी नसते. सहा वाजता मुलाचा हात धरून त्याला बाहेर काढणारे आपणच असतो.

कृतीचं बोलते. या आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी, आजी-आजोबांसह, एका कागदावर आठवडा लिहावा. क्लास लिहायच्या आधी झोप, जेवण आणि दोन मोकळ्या संध्याकाळी भरून टाकाव्यात. मग उरलेल्या जागेत काय बसतं ते पाहावं. मुलाला विचारावं की यातलं एकच ठेवायचं तर कोणतं, आणि त्याचं उत्तर आपल्या उत्तरापेक्षा वेगळं आलं तरी ते मान्य करावं. सोडायच्या क्लासच्या शिक्षकांना आपण स्वतः भेटून सांगावं, मुलाला पुढे करू नये.

आणि एक गोष्ट आपण सगळ्यांनी मिळून करायची आहे. आपल्या शहरात आठवड्यातली एक संध्याकाळ, समजा बुधवारची, शाळांनी गृहपाठाशिवाय आणि क्लासचालकांनी सुट्टीची ठेवावी. क्लास चालवणाऱ्या कित्येक जणींना स्वतःची लहान मुलं आहेत, त्यांनाही ती संध्याकाळ हवीच असेल. व्याख्यानमालेच्या पदाधिकाऱ्यांशी मी बोलले आहे. मुख्याध्यापकांना आणि क्लासचालकांना द्यायच्या पत्राचा मसुदा मी लिहून आणला आहे. तो बाहेरच्या टेबलावर ठेवते. वाचा, त्यात हवं ते बदला, सही करा. शाळा उघडायच्या आत आपण चार-पाच जण प्रत्येक शाळेत ते घेऊन जाऊ. ज्यांना बरोबर यायचं आहे, त्यांनी सभा संपल्यावर दहा मिनिटं थांबावं, कोण कोणत्या भागात जाणार ते आजच ठरवू.